डाव्या गालावरचा तीळ

१ नोव्हेंबर १९८७, रविवार

स्वस्ति श्री सकलचलच्चित्रविशारद, नटनटीनामावलीमहोदधी, पेडणेपुरस्थ ओसरीसिंहासनाधीश्वर, मामलेदार कचेरीचे प्रधान कारकून, वाक्यारंभी खोकणारे व वाक्यान्ती विसरणारे श्रीमंत नाना (वय अठ्ठेचाळीस, दंतसंख्या सव्वीस) यांचा आज सलग चौथ्या रविवारी दारुण पराभव झाला.

पराभवकर्ता: सोमा. आमच्याच कचेरीचा निवृत्त शिपाई. इब्रामपूरहून तीनच्या बसने येतो, पायरीवर बसतो, जिंकतो, सहाच्या बसने जातो.

खेळ साधा. एकाने जुन्या सिनेमातले वाक्य म्हणायचे, उरलेल्यांनी नट आणि चित्रपट ओळखायचा. गतवर्षी गोव्याच्या राजभाषावादात दामू मास्तर (यापुढे दा.मा.) कोकणीच्या पक्षात, मी मराठीच्या, सहा महिने अबोला. अखेर सौ.ने तह घडवला: ओसरीवर भाषा नाही, सिनेमा. हिंदी चित्रपटांवर उभयपक्षांचा समान अनधिकार, म्हणून तह टिकला.

आज दा.मा.ने वाक्यही म्हटले नाही, केवळ खोकला काढला. सोमाने नट सांगितला, चित्रपट सांगितला, शिवाय खोकला मध्यंतरापूर्वीचा की नंतरचा तेही सांगितले. टाळ्या.

शिपायाने हरवले हे बोचते. हे लिहिताना लेखणी अडखळली. अडखळू दे.

५ नोव्हेंबर, गुरुवार

निरीक्षण: सोमाचे सर्व ज्ञान श्रवणाधिष्ठित. आवाज, खोकला, घोड्यांच्या टापा. रूपाविषयी तो कधी बोलत नाही. अनुमान: या गृहस्थाने सिनेमे पाहिलेच नसावेत. कोणाकडून तरी ऐकून...

दा.मा.कडून सिनेमाच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला. सौ. म्हणाली, "परीक्षेक बसतात काय?" परीक्षा घेणार आहे, असे उत्तर दिले. ती हसली नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा घेतली.

प्रथम मूकाभिनय. मान तिरकी, भुवई वर, खांद्यावरून फेकलेली शाल. सोमा म्हणाला, "'तूफ़ानी टापू का क़ैदी'. तो तीळवालो दुष्ट." अचूक. मग मी मासिक मांडीवर उपडे ठेवून विचारले,

"तीळ कुठल्या गालावर, सोमा?"

"डाव्या."

"तलवार कुठल्या हातात?"

"डाव्या हातांत, नानानूं."

"आणि भांग?"

त्याने स्वतःच्या पांढऱ्या केसांतून बोट फिरवून दाखवले. तेही चुकीच्या बाजूने.

मी मासिक सुलटे करून त्यातले चित्र फडकावले. तीळ उजव्या गालावर, तलवार उजव्या हातात. उभा राहिलो (उभे राहण्याचे कारण नव्हते) आणि गर्जलो, "या अखिल डावखुऱ्या नटसृष्टीस माझा साष्टांग नमस्कार! सोमा, बाबा, खरे सांग. सिनेमा पाहिलास की तंबूबाहेर चणे विकताना ऐकलास?"

दा.मा. डोळ्यांतून पाणी येईतो हसला. शेजारच्या घरातूनही कोणी हसले.

सोमा उठला. चपला पायांत घातल्या, एकेक करून, सावकाश. म्हणाला, "बघलंय, नानानूं. तुमी बसयलास थंयसून."

मी बसवले तेथून म्हणे! मी याचाही विनोद केला. काय केला ते लिहीत नाही.

सहाची बस यायला दीड तास होता. तो थांब्यावर जाऊन बसला. ओसरीवरून थांबा दिसतो.

१५ नोव्हेंबर, रविवार

सोमा आला नाही. दा.मा. आणि मी दोघेच. मी वाक्य म्हटले, त्याने ओळखले. त्याने म्हटले, मी ओळखले. साडेतीनला खेळ संपला. मग दा.मा. म्हणाला, "तुजी मराठी..." आणि स्वतःच गप्प बसला.

सौ.ने विचारले, "सोम्याक बरां नाय काय?" प्रकृती उत्तम असावी, म्हणालो. तिने सगळे आतून ऐकले होते. तरी विचारले.

२१ नोव्हेंबर, शनिवार

कचेरीनंतर केस कापायला गेलो. न्हाव्याच्या दुकानात पाठीमागच्या भिंतीवर जुन्या नटांची चित्रे आहेत. खुर्चीत बसून समोर आरशात पाहिले, तो तीळवाला.

तीळ डाव्या गालावर. तलवार डाव्या हातात. भांग सोमाने दाखवला त्याच बाजूस.

न्हावी म्हणाला, "मान हालवू नकात."

गोवामुक्तीनंतर दुसऱ्या वर्षी जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता. मध्ये पांढरे कापड ताणलेले. अलीकडे खुर्च्या, खुर्च्यांपुढे चटया. पलीकडे, कापडाच्या मागे, जमिनीवर, ज्यांना आमच्या देवळात शिरता येत नसे ती माणसे. पातळ कापड, मागूनही चित्र दिसे. फक्त डावे-उजवे उलटे.

कोणी कोठे बसायचे हे सांगायला दाराशी एक स्वयंसेवक होता. वय तेवीस, छातीवर बिल्ला, हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी. बॅटरीचा झोत तोंडावर टाकून तो म्हणे, "तुम्ही पलीकडे." सात दिवस, सात खेळ. शिट्टीचा त्याला फार अभिमान होता.

तो स्वयंसेवक आज प्रधान कारकून आहे.

सोमा त्या रांगेत असणार. मी आठवून पाहिले. रांगेतला एकही चेहरा आठवत नाही. त्याला माझा आठवतो. पुढे वीस वर्षे त्याने माझ्या टेबलावर फायली आणून ठेवल्या, एक अक्षर बोलला नाही.

अर्धे केस कापून झाल्यावर उठलो होतो म्हणे. न्हाव्याने खांदा धरून खाली बसवले.

२२ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या बसने इब्रामपूर. वाटेत क्षमायाचनेची चार वाक्ये रचली. पैकी तिसऱ्यात 'अज्ञानतिमिरान्ध' होते. बसमधून उतरताना तो शब्द प्रथम वगळला. अज्ञान नव्हते. बॅटरी होती.

सोमा अंगणात बांबूच्या बेळांचे, म्हणजे पातळ पट्ट्यांचे, सूप विणत होता. मला पाहून उठला, आतून स्टूल आणले, फडक्याने पुसले. मी बसलो. तो जमिनीवर बसला. मी पुन्हा उभा राहिलो. मग दोघेही थोडा वेळ उभे.

"सोमा, तो तीळ डाव्याच गालावर होता."

"मागसून," तो म्हणाला. "मागसून बरां दिसायचां, नानानूं. फुडे कोणाची टोपी नाय, खुर्चेचो आवाज नाय. फकत नांवां वाचूक गावायची नाय, उरफाटी. मगे उरफाटां वाचूक शिकलंय. कचेरीत तुमी लिवतालास ता मी टेबलाच्या ह्या बाजूसून वाचायचंय."

"त्या वेळी दाराशी मी..."

"चाय घेवा. थंड जाता."

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला होता. प्यालो. त्या घरी पहिल्यांदाच. वाक्य त्याने पुरे करू दिले नाही, की मीच चहाच्या आड लपलो? दुसरे खरे.

निघताना विचारले, "रविवारी येशील ना?"

"बगूया." त्याने बेळ दातांत धरून ताणली. "बसू खंय?"

"खुर्ची आहे की."

"आसा? वर्सभर म्हाका दिसूक नाय."

आहे. ओसरीच्या कोपऱ्यात, एक पाय मोडलेली. वर्षभर तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवतो.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

मोडक्या खुर्चीसाठी सुताराकडे दुसरा निरोप. तो हरमलला गोऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांसाठी खाटा करतो आहे. "एका पायाखातीर पेडण्याक येऊ?" त्याचा प्रश्न तर्कशुद्ध. खुर्ची डोक्यावर घेऊन मीच हरमलला जावे काय? सौ. म्हणाली, "तुमची आसा मगे ती खुर्ची? ती द्या तेका." हे मला सुचायला हवे होते. सुचले नाही, याचीही नोंद असावी.

२९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी अडीच. ओसरीसिंहासन रिकामे करून सोमाच्या बाजूस मांडले आहे. अधीश्वर पायरीवर. मांडीवर वही, येथूनच लिहितो आहे.

दा.मा. आला, थबकला. "हें कितें नवें नाटक?" आधी बस, म्हणालो. त्याला सारे सांगितले, बॅटरीसकट. तो हसला नाही. म्हणाला, "हांव तेन्ना, तंबूंत, खुर्चेर बसलोलों." मग आपली खुर्ची त्याने भिंतीकडे थोडी मागे सरकवली. का, ते त्याला ठाऊक.

सोमा बसमधून उतरलाच तर चार वाक्यांपैकी एक तरी पुरे करायचे, दा.मा.च्या देखत. मोठ्याने. हसलो होतो तितक्या मोठ्याने. कोणते वाक्य ते अजून...

तीन वाजून दहा. बस आली नाही, किंवा येऊन गेली. पायरीवरून थांबा दिसत नाही. मध्ये कठडा येतो. हेही आज कळले.

शिवाय या पायरीच्या दगडाला बरोबर मध्यभागी एक उंचवटा आहे. कसेही बसले तरी टोचतो. सरकावे तर एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला माझ्याच घरच्यांच्या चपला. वर्षभर सोमा येथे बसला, एकदा बोलला नाही. हा दगड तासून घेतला पाहिजे. सुताराला निरोप धाडावा? तो म्हणेल, दगडाचे काम आपले नव्हे.