नोवाकसाहेबांचा ओला सोमवार

१० एप्रिल २०२५, गुरुवार
ठरलं. उद्या साहेबांना सांगणार, नोकरी सोडतोय. नोटीस दोन महिन्यांची. आत्ता सांगितलं तर लेकीची, शुभ्राची अकरावी सुरू व्हायच्या आत आम्ही नाशकात. विभावरी म्हणाली, "हे तू मागच्या एप्रिलमध्येही म्हणाला होतास." मागच्या एप्रिलमध्ये ऑडिट होतं. बायकोला ऑडिट कळत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
सांगायलाच गेलो होतो. नोवाकसाहेब खिडकीशी उभे. समोर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातली गोदामं, बघण्यासारखं काही नाही, तरी बघत होते. साहेब अमेरिकेतल्या बफेलोचे, आजोबा पोलंडचे. ईस्टरनंतरच्या सोमवारी त्यांच्याकडे 'डिंगस डे' असतो म्हणे. पुरुष बायकांवर पाणी उडवतात, बायका मऊ, केसाळ कळ्यांच्या फांद्यांनी फटके मारतात. लाल-पांढरे कपडे घालून सगळे पोल्का नाचतात. आई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच डिंगस डे, आणि तोही इथे.
अशा वेळी राजीनामा देणं बरं दिसत नाही. म्हटलं, "सर, वुई विल डू इट हिअर." पाणी उडवण्यात आपण काय नवीन आहोत?
नवा प्लॅन: त्या सोमवारी साहेब खुशीत असतील, तेव्हा सांगायचं. हे जास्त प्रोफेशनल.

१३ एप्रिल, रविवार
अकाउंट्समधल्या जेरार्डकडे गेलो. वसईचा आहे. चर्चमधून झावळी घेऊन नुकताच आला होता. फटक्यांसाठी ती मागितली. म्हणाला, "राजन, ही आशीर्वादाची आहे रे, वर्षभर क्रुसामागे ठेवतो आम्ही. तुझ्या देव्हाऱ्यातलं काही मागू का मारामारीला?"
घरी खराट्याच्या काड्यांना कापसाच्या कळ्या चिकटवल्या. विभावरी कापसाची वस्त्रं सुंदर करते. तिने कापूस दिला, हात लावला नाही. "सांगितलंस?" सोमवारी, म्हटलं. "आज रविवार आहे. कुठल्या सोमवारी?" पुढच्या.

१७ एप्रिल, गुरुवार
ईस्टरला त्यांच्यात लोण्याचं कोकरू करतात. दर वर्षी घरी गणपती घडवणाऱ्याला कोकरू काय अवघड! अमूल बटर, मिऱ्यांचे डोळे. शुभ्रा म्हणाली, "बाबा, दॅट्स अ रॅट." साहेबांसाठी घेऊन निघालो. पार्किंगमध्ये किल्ली शोधेस्तोवर उंदीरही राहिला नाही.

२० एप्रिल, रविवार
होळीच्या पिचकाऱ्या माळ्यावरून काढल्या, धुतल्या. रात्री आरशासमोर म्हणून पाहिलं, "सर, आय हॅव डिसायडेड." उत्तम जमतंय. शुभ्रा ब्रश करायला आली होती. "से इट टू हिम, बाबा. नॉट द मिरर."
विभावरी इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "राजन, मला इथे आणखी एक उन्हाळा नको." ओरडली असती तर बरं झालं असतं. उद्या नक्की.

२१ एप्रिल, सोमवार
लोडिंग बेमध्ये मोबाइलवर पोल्का लावला. ऑफिसातल्या बायकांनी आधीच बजावलं होतं, आमच्यावर थेंब पडला तर एचआरकडे जाऊ. मग पहिली पिचकारी मी साहेबांवरच मारली. पिचकारीच्या पोटात होळीचा लाल रंग राहिला होता. साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर छातीभर. जेरार्ड हळूच म्हणाला, "खलास."
साहेब शर्टाकडे बघत राहिले. लाल आणि पांढरा. पोलंडचा झेंडा! ढसाढसा रडले आणि मला मिठी मारली. विचारलं, हे मुद्दाम केलंस? येस सर, म्हटलं. अगदी योग्य क्षण होता, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, तुझं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतलंय, सरप्राइज म्हणून. यू आर फॅमिली, राजन. कधी जावंसं वाटलं तर मला सांगशील ना? ऑफ कोर्स सर, म्हटलं आणि सही केली. सही काय, नंतर रद्द करता येते.
साहेबांनी पुढच्या डिंगस डेची जबाबदारीही आत्ताच माझ्यावर टाकली आहे.
घरी सांगितलं की विषय निघाला होता. विभावरीने विचारलं, "किती वर्षं?" दोन, म्हटलं. फोन घेऊन आत गेली. समजूतदार आहे.

२२ एप्रिल, मंगळवार
मंगळवारी बायका पाण्याचा बदला घेतात, हे घरात मीच सांगितलं होतं. सकाळी मी अंथरुणात असतानाच विभावरीने तांब्याभर पाणी माझ्या तोंडावर ओतलं. मला बरं वाटलं, म्हटलं, सणात रमली बुवा एकदाची! पण ती हसत नव्हती. जूनची मुंबईची तिकिटं काढली, म्हणाली.
फोनवर पाहिलं. दोनच. विभावरी आणि शुभ्रा. शुभ्रा दारात उभी होती. एरवी इंग्रजीत बोलणारी मुलगी मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही सुट्टीत या हं."
माझं तिकीट कंपनी काढते ना, म्हणूनच काढलं नसेल.
उशी बाल्कनीत टाकली आहे. इथल्या उन्हात लगेच वाळते.