गवंड्याचा डावा हात

६ जानेवारी
आजपासून चित्रकलेचा वर्ग माझा! शाळेचं इस्पितळ झालं, तरी फळा भिंतीवरच आहे. बाकं हलवली, दोन खाटा आल्या, छताला कप्पी लागली. जखम भरली की सैनिक माझ्याकडे, आखडलेले हातपाय सोडवून घ्यायला. सगळे मला कसाईबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण मला कान आहेत.

९ जानेवारी
नवा पेशंट. घरी असताना गवंडीकाम करायचा. तोफगोळ्याचा तुकडा डाव्या कोपरात घुसला होता. आता हात ना दुमडतो, ना सरळ होतो. "बाई, मला फक्त पोरीला घेता आलं पाहिजे," म्हणाला. तो आघाडीवर गेल्यावर जन्मली, अजून पाहिलेली नाही. पहिल्याच ताणाला त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चांगलं लक्षण! अंगात जीव आहे.

१७ जानेवारी
उशीच्या अभ्र्यात वाळू भरून दिली — साधारण तान्ह्या पोराच्या वजनाची. ती कुशीत घेऊन तो वॉर्डभर हिंडतो. टवाळ विचारतात, "कोणावर गेलीय रे?" तर म्हणतो, "आईवर म्हणावं, तर एवढी गप्प कशी?" मी खो खो हसले. वॉर्डात बऱ्याच दिवसांनी.

२४ जानेवारी
दुमडला! बोटं खांद्याला टेकली! मी लाज सोडून टाळ्या पिटल्या. आता सरळ होणं तेवढं राहिलं.

२५ जानेवारी
जेवताना आई म्हणाली, "तुझ्याकडून बरे झालेले परत तिकडेच जातात ना गं?"
जातात. हात पुरता सुटला की गवंडीही जाईल. आणि माझा दादा तिथंच आघाडीवर आहे — त्याच्या शेजारी धडधाकट माणूस नको का?

२ फेब्रुवारी
सरळ होतच नाही! दंड लाकडासारखा. शेक, तेल, कप्पी — सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "दुखतं का?" तर, "नाही बाई, अडतं." शेवटी चिडले. "मनावर घ्या की जरा!" त्यानं मान खाली घातली. "घेतो ना बाई."
मलाच मग कसंसं झालं.

५ फेब्रुवारी
अडतंच.

११ फेब्रुवारी
आज तपासणी होती. मोठ्या डॉक्टरांनी त्याचा हात ओढून पाहिला, मग बंदूक धरायला लावली. डावा हात पुढे पोचेना. "लढाईच्या कामाचा नाही. घरी पाठवा." मग माझ्याकडे वळून, "वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येक हात सुटतोच असं नाही."
वाटलंच वाईट! इतकी मेहनत केली होती. आणि हायसंही वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन्ही एकदम कसं वाटतं कोण जाणे.

१२ फेब्रुवारी
त्याची बायको आली. पोरगी टकलू, गुबगुबीत. बापाला पाहताच भोकाड पसरलं. त्यानं तिला डाव्या हातावर घेतलं, कोपरात अलगद डोकं ठेवून. "वाळूची बरी होती, रडत तरी नव्हती," म्हणाला आणि स्वतःच रडायला लागला. मग काय, मीही.
बायकोला म्हटलं, "हात पुरता सरळ नाही करता आला हो मला."
"राहू दे ताई वाकडाच," ती म्हणाली. "घरी येतायत ना."

१३ फेब्रुवारी
सकाळी खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी गवंडी ट्रकवर चढला. बायकोनं खालून पोर वर धरली. त्यानं वाकून दोन्ही हात खाली सोडले. डावासुद्धा! फूटपट्टीसारखा सरळ!
आधी डोक्यात तिडीक गेली. मला बनवलं! मग दादा आठवला.
कुणाला सांगायचं नाही. देवा, दादालाही एवढी अक्कल दे!