दुमडीतले दोन इंच

मंगळवार, दिवेलागण

गणवेशाच्या पँटींचा गठ्ठा शाळेनं परत पाठवला. खालच्या दुमडीत कापडच नाही म्हणे. कुठून असणार? आमचे कटिंग मास्तर मल्लप्पाकाका दोन इंच जास्त ठेवायचे, पोरगं वाढलं की आईनं उसवून सोडायला. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी एआयला नुसते मापांचे कागद दिले. मला कोडिंगचा गंध नाही, तरी आठवड्यात कटिंगची चिठ्ठी काढणारं अ‍ॅप तयार झालं. मी कारखानाभर मिरवलं. आता मास्तर कशाला, म्हणून मालकांनी काकांना त्यांच्या गावी, मैंदर्गीला घरी बसवलं.

मघाशी त्यांना फोन केला. चिडले असते तर बरं झालं असतं.

"अगं, त्यात काय हाय? दोन इंच वाढव म्हणून सांग की त्याला. दहावीच्या पोरांना एकच ठेव, त्यांचं शेवटचं वर्ष."

"मी परत कधी येऊ?" असं काकांनी विचारलंसुद्धा नाही.

एआयला सांगायचं ते वाक्य टाइप करून बसलेय. पाठवलं की काकांचं परत येणं संपलं. नाही पाठवलं तर उद्या सकाळी सगळं कापड पुन्हा आखूड कापलं जाईल. दोन इंच! पाठवावंच लागणार, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

दहावीचं तर मी विचारलंही नव्हतं.