स्क्रीनला बांधलेलं मुसकं

६ जानेवारी, मंगळवार

फुटली! तिसऱ्याच दिवशी फुटली!

विनोद संध्याकाळी गाडी ढकलत घरी आला तेव्हाच मी ओळखलं. तलावाच्या पाळीवरून खालच्या धानाच्या बांधीत उडी मारली म्हणे, पुढचं चाक धुऱ्याच्या मातीला अडकलं आणि साहेब हँडलवरून थेट डोक्यावर. हेल्मेट होतं म्हणून बरं. मी धावले ती सरळ गाडीकडे. "स्क्रीन गेली का रे?"

तो म्हणाला, "मले काही नाही झालं, ताई."

मी कुठे ते विचारलं होतं? दुकानात दिवसभर तेच चालतं — पडला का मोबाईल, डिस्प्ले गेला का, दाखवा इकडे. तोंडाला तसं वळणच पडलंय.

ही गाडी म्हणजे डोक्याला ताप आहे. बॅटरीवर चालणारी, रानात उड्या मारायची. ना आवाज, ना पेट्रोल, आणि किल्लीसुद्धा नाही! हँडलच्या मधे तळहाताएवढी स्क्रीन, तिच्यावर चार आकडे दाबायचे, मग सुरू. स्क्रीन गेली की गाडी ढिम्म. नागपूरच्या कंपनीने विनोदला चालवून बघायला दिली आहे. २५ तारखेच्या शर्यतीत शेवटपर्यंत पोचला तर नोकरी पक्की. आयटीआय होऊन चार वर्षं झाली त्याला. आई तर आत्तापासूनच गावभर सांगत सुटली आहे.

जास्तीच्या स्क्रीन दोनच दिल्यात. त्या वाचवायचं काम माझ्याकडे. सानगडीच्या बाजारात दुरुस्तीला मोबाईल उघडणारी मी ना!

८ जानेवारी, गुरुवार

दुसरी स्क्रीन बसवली. वरून मोबाईलला लावतो तसली काच चिकटवली. मग फुटक्या जुन्या स्क्रीनवर तशीच काच लावून वीतभर उंचीवरून पाना सोडून पाहिला. काचेच्या ठिकऱ्या! म्हणजे हे काही कामाचं नाही.

मग धम्मदीपच्या वेल्डिंगच्या दुकानातून सळ्यांचा पिंजरा करून आणला. दिसायला एकदम दणकट. पण गाडी धावली की सळ्या थरथरतात आणि खालचा आकडाच दिसत नाही. निदान विनोद तरी तसं म्हणाला. मी उभ्या गाडीवर पाहिलं तर मला स्वच्छ दिसत होतं. "किती चार्ज दाखवते, तूच वाच ना," म्हणाला. मीच वाचलं, ७४. नवरदेवाला वाचूनसुद्धा दाखवायचं आता!

मोठेबाबा खाटेवरून सगळं बघत होते. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दादाजी. तरुणपणी त्यांचे बैल शंकरपटाच्या शर्यतीत पळायचे. अजून अंगणात कोणी छकड्याचं नाव काढलं की तासभर सुटका नाही. आज म्हणाले, "पटात बैल पडला का आमी छकड्याकडे पाह्यतच नव्हतो. आधी बैलाच्या डोळ्यापुढं हात फिरवाचा. मंग बाकीचं."

म्हटलं, "मोठेबाबा, या बैलाला डोळे नाहीत. स्क्रीन आहे."

"तुयाच कामाचं सांगून राहिलो, बाई," म्हणाले आणि कूस बदलली. आता यात माझ्या कामाचं काय होतं?

११ जानेवारी, रविवार

जमलं! जमलं! जमलं!

पिंजरा काढून टाकला. जाड पारदर्शक प्लास्टिकचं झाकण कापलं, चार कोपऱ्यांत ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे धक्का रबर खाईल आणि काचेपर्यंत जाणार नाही. आणि त्याच्यावर — हसू नको, वही — मुसकं! मळणीत बैलाने धान खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात ना, तेच. मोठेबाबांनी दुपारभर बसून लहानसं विणून दिलं. जाळीतून आकडे दिसतात, दाबायला बोट जाईल एवढी फट झाकणाला खाली ठेवली आहे, आणि दगड आला तरी दोरीवर येतो.

बांधलं त्यांनीच. त्यांची एक खास गाठ आहे, बैलाने कितीही मान झटकली तरी सुटत नाही. मला शिकवायला गेले तर माझी तीन वेळा चुकली. विनोदला लहानपणापासून येते. आज मात्र त्याचीही दोरी फासात न शिरता बाजूनेच गेली. दोनदा. मोठेबाबा त्याच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "झोप काढत जा रे जरा."

जुन्या स्क्रीनला हे सगळं लावून मी गाडी तीन वेळा मुद्दाम आडवी पाडली. नवा ओरखडा नाही! आईने तेवढ्यात गाडीला हळदकुंकू लावून घेतलं.

१३ जानेवारी, मंगळवार

काही कळत नाही. काहीच कळत नाही.

स्क्रीन फुटली. मुसकं धड. झाकण धड. आणि आत काच तडकलेली! विनोद म्हणाला, "पडलो." कुठे? "तिकडं, तलावाकडं." हँडलला माती नाही, त्याच्या कपड्यांना माती नाही. पडला कुठे, गादीवर?

रबर कडक झालं का? थंडीने? हिशेब चुकला का माझा? रात्रीचं जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगुळाचा लाडू विनोदच्या हातावर ठेवायला गेले तर तो खाली पडला. त्याने हात शेजारीच धरला होता. आई म्हणाली, "लक्ष कोठं हाय तुयं?" एवढ्यात मान जरा वाकडी करूनच उभा राहतो. काय नवी ऐट आहे!

शेवटची स्क्रीन बसवली. यावेळी रबर दुप्पट. मोठेबाबांनी गाठ मारली.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी गोठ्यात गाडीजवळ गेले. स्क्रीन धड आहे. पण गाठ मोठेबाबांची नाही! बुटाच्या नाडीला मारतात तसली साधी गाठ.

मुसकं कोणीतरी सोडलं आणि परत बांधलं. कोणी? मोठेबाबा शपथेवर नाही म्हणतात. आई त्या गाडीला हळदकुंकवापुरतीच हात लावते. विनोद म्हणाला, "मले काय मालूम?" शेजारची ललिताबाई येता-जाता बघते खरी, पण तिला स्क्रीन फोडून काय मिळणार? नजर लागली म्हणावं तर नजर गाठ सोडत नाही.

आता मला घरातल्या सगळ्यांचाच संशय यायला लागलाय. लाज वाटते, पण येतो.

१७ जानेवारी, शनिवार

पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी जेवायला घरी आले तर माझी स्क्रूड्रायव्हरची पेटी जागेवर नव्हती. गोठ्यात गेले. विनोद पाठमोरा बसला होता. मुसकं सोडलेलं, झाकण काढून शेजारी ठेवलेलं, व्यवस्थित, चारही स्क्रू त्याच्यावर मांडून. हातात पाना. मी हाक मारायच्या आत त्याने पाना काचेवर दाबला. आवाज एवढासा आला.

"काहून रे?" मी ओरडले. "काहून?"

"मले नाही जायचं शर्यतीले."

"मग तसं सांगायचं! माझ्या दहा दिवसांची माती कायले केली?"

मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ऐतखाऊ म्हटलं. भेकड म्हटलं. आईच्या तोंडाकडे बघ म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "स्क्रीन राह्यली का तुमी मले वाचाले लावसान." आणि उठून गेला. जाताना गोठ्याच्या खांबाला खांदा आपटला त्याचा. दिवसाढवळ्या!

म्हणजे काय? वाचायला लावाल म्हणजे काय? दहावीला फर्स्ट क्लास आहे त्याला. ७४ वाचता येत नाही?

राग जात नाही आणि अर्थही लागत नाही. लहानपणी त्याला सायकल मीच शिकवली. पडला की हसायचा. तो माझ्याशी खोटं बोलला, दोनदा, हेच जास्त लागलंय.

१८ जानेवारी, रविवार

कंपनीच्या माणसाचा फोन आला. शेवटची एक स्क्रीन बसने पाठवली आहे म्हणे, उद्या साकोलीला उतरवून घ्या.

विनोदशी बोलले नाही. मोठेबाबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "पह्यल्या दिवशी पडला तवा त्याच्या डोळ्यापुढं कोणं हात फिरवला होता?"

मी तर सरळ गाडीकडे धावले होते.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी मोठेबाबांनी विनोदला अंगणात खाटेवर बसवलं आणि त्याच्यासमोर एक बोट धरलं. "किती?"

विनोदने मान वाकडी करून बोटाकडे पाहिलं. मग त्याने हाताने एक डोळा झाकून घेतला आणि रडायला लागला. "आता एक. हात काढला का दोन दिसते. त्या दिवसापासून दोनच दिसते."

पार्सल साकोलीच्या स्टँडवर पडलं असेल. आम्ही तिथे उतरलो नाही. सरळ भंडाऱ्याला, डोळ्याच्या दवाखान्यात आलोय.