दुकान बबिताला न देण्याबाबत

मी, अंजना उत्तरेश्वर देवकते, वय ६२ वर्षे, धंदा औषधविक्री, राहणार सिरसाळा, तालुका परळी, जिल्हा बीड, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते आज स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा हात थरथरतो तो कंपवातामुळे. त्याचा विचारांशी संबंध नाही, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाताच्या या अडचणीमुळे मजकूर मी सांगितला आणि शेजारचे निवृत्त शिक्षक राधाकिशन मास्तर यांनी तो उतरवून घेतला. सांगता सांगता मी इकडचे तिकडचेही बोलते. तेवढे गाळू का, असे मास्तरांनी विचारले. मी म्हणाले, गाळू नका. घरात ऐकायला दुसरे कोणी नाही.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात दुकान, घर आणि ठेवी असे सगळे माझी भाची बबिता अजिनाथ कोकरे हिच्या नावे लिहिले होते, मात्र तिने दुकान स्वतः चालवावे अशी अट घातली होती. ते मृत्युपत्र मी रद्द करते. कारण पुढे कलम ४ मध्ये येईल.

२. माझे माहेर शिरूर कासारचे. वडिलांची मेंढरे होती. ती गेल्यावर आईवडील दरसाल ऊसतोडीला जाऊ लागले आणि मला वसतिगृहात ठेवले. पुढे मी अंबाजोगाईला औषधशास्त्राची पदविका केली. लग्न झाले ते इथल्या शाळेतले शिक्षक उत्तरेश्वर देवकते यांच्याशी. दुकानाचा गाळा त्यांनी माझ्या नावावर घेतला, तेव्हा सासरी कितीतरी दिवस कोणी माझ्याशी बोलले नाही. लग्नानंतर चौथ्या वर्षी परळी रस्त्याच्या वळणावर मोटारसायकलवरून येताना ट्रकने त्यांना उडवले, ते तिथेच गेले. मूलबाळ नव्हते.

दीर शहादेव यांनी ती मोटारसायकल नेली, दुरुस्त केली आणि पुढे कित्येक वर्षे माझ्या दुकानासमोरून चालवली. दुकानापाशी आले की हॉर्न वाजवायचे. त्यांच्यासाठी मी काहीही ठेवत नाही. 'हे रागापोटी नव्हे' असे पुढे लिहावे, असे मास्तरांनी सुचवले. तसे लिहू नये. हे रागापोटीच आहे.

३. दुकानाविषयी. गावात कोणाला मूल होत नाही, कोणाला झोप लागत नाही, कोणाचा नवरा कसली गोळी लपवून खातो, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचे. माणसे काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगत आणि औषध घेऊन निघून जात. मला कोणी काही विचारले असेल तर सुट्टे आहेत का, एवढेच.

ऊसतोडीचा हंगाम लागण्याआधी मुकादम अंगदुखीच्या गोळ्यांचे डबेच्या डबे मागायला यायचे, आपल्या टोळीला वाटायला. चिठ्ठीशिवाय मी दिले नाहीत. त्यांना ते दुसरीकडे मिळाले. 'बाई लई शहाणी हाय' असे माझ्याबद्दल बोलले जाई, आणि हंगामाच्या तोंडावर बाकीच्यांची दुकाने भरलेली असत तेव्हा माझ्याकडे सोमनाथ आणि मी असे दोघेच बसलेलो असू. सोमनाथ घाटनांदूरचा आहे, पदविका झालेला, वीस वर्षे माझ्याकडे कामाला आहे. चांगला माणूस. बोलत मात्र नाही.

४. बबिता संभाजीनगरला फार्म डी शिकत होती. दवाखान्यात रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून औषधांचे शिक्षण घ्यायचे, असा तो सहा वर्षांचा अभ्यास आहे. गेल्या वर्षी तिला हैदराबादच्या एका संस्थेत जागा मिळाली. तिथे फार्म डी पुरी करता करताच पीएच.डी.चे संशोधनही सुरू करायचे, दोन्ही एकत्र. सगळे संपायला तिशी उजाडणार.

माझा भाऊ अजिनाथ, म्हणजे तिचा बाप, दुकानात येऊन म्हणाला, "आक्का, पोरगी तिसाची हुईल शिकता शिकता. मग स्थळ कुठून आणू मी? आन शेवटी गोळ्याच द्यायच्या ना?"

मी म्हणाले, "मी गोळ्याच दिल्या, अजिनाथ. तुझी पोरगी त्यावरच शिकली."

तो चहा न पिता गेला.

बबिताचेही ठरत नव्हते. फोनवर म्हणायची, "आत्या, वार्डात असले की वाटतं हेच करावं. प्रयोगशाळेत गेले की वाटतं ते. दोन्ही धरायला गेले आन दोन्ही सुटलं तर?" मी पदविकेपुढे शिकलेली नाही.

त्यात माझ्या हाताचे तिला कळले. दिवाळीत आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "मी जात न्हाई हैदराबादला. परीक्षा झाली की कायमची इथंच येते, आता सुट्टीभर हाय. दुकान बघते, तुला बी बघते."

मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी परळीला जाऊन काउंटरमागे बसायला दुसरी खुर्ची आणली. ते दिवस माझे फार बरे गेले. सकाळी घरात दुसऱ्या कोणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. मी दुपारी जेवायला घरी येऊ लागले.

टोळ्या निघायच्या आठवड्यात वस्तीवरच्या जानकीबाई अंगदुखीच्या गोळ्या मागायला आल्या. नेहमीचे दुकान बंद होते म्हणून माझ्याकडे आल्या. पाय सुजून चप्पल बसत नव्हती. बबिताने त्यांना आत घेऊन खुर्चीवर बसवले.

"किती दिवस खाता ह्या गोळ्या, मावशी?"

"दिवस कशाचे, पोरी. सालं झाली. कोयता धरायच्या आधी एक, ऊन चढलं की एक."

"पाणी किती पिता?"

"फडात पाणी कुठं हाय? आन पेलं तर बाईमाणसानं बसायचं कुठं?"

बबिता त्यांना घेऊन तशीच अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेली. रात्री तिथेच राहिली, दुसऱ्या दिवशी परत आली. दोन्ही मूत्रपिंडे निम्म्याहून जास्त निकामी झाली होती. जानकीबाई अजून चाळिशीच्याही नाहीत.

ती नव्या खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "आत्या, ऊन, तहान आन गोळी. ह्यातल्या नेमक्या कशानं होतं हे? का तिन्ही मिळून?"

"मला माहीत नाही."

"मग कुणाला माहीत हाय?"

पुढचे काही दिवस तिने दुकानाचे काम व्यवस्थित केले, कुठे चूक नाही. पण गिऱ्हाईक आले की ती त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. कोणाच्या पायाला सूज दिसली की ते रस्त्याच्या वळणापर्यंत जाईतो बघत राहायची. मला तेव्हाच कळले होते. तरी मी आणखी काही दिवस हैदराबादचे नाव काढले नाही, कारण सकाळचा चहा दोघींचा होत होता.

शेवटी एका सकाळी विचारले, "हैदराबादची तारीख कधी?"

"गेली समज."

"गेली का?"

"महिनाअखेरपर्यंत हाय."

मी सोमनाथला हाक मारली आणि तिच्यासमोर सांगितले की माझ्यामागे दुकान तुझे. त्याने हातातला डबा फळीवर ठेवला. बबिता बोलली.

"मला हाकलतेस का?"

"हो."

"तुला कोण बघंल?"

"बाई ठेवीन. सोमनाथ आहे."

"तुला मी गेलेली चालंल?"

"चालेल."

"खोटं बोलतेस तू."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी संस्थेला होकार कळवला. जानेवारीत मी तिला परळी स्टेशनवर पोहोचवायला गेले. गाडी हलली तरी तिने हात केला नाही, पण दारातून आतही गेली नाही.

आता रविवारी फोन येतो. सकाळी वार्डात रुग्णांजवळ असते, दुपारी प्रयोगशाळेत. ऊसतोड कामगारांच्या मूत्रपिंडांचा विषय तिने मांडला आहे, अजून मंजूर झालेला नाही. दोनदा रडली. परत येते असे एकदाही म्हणाली नाही.

५. म्हणून आता वाटणी अशी:

(अ) दुकानाचा गाळा, फर्निचर व औषधांचा साठा सोमनाथ यास द्यावा. परवाना वारसाने मिळत नाही, तो त्याने आपल्या नावे नवा काढावा. मुकादमांना डबे द्यायचे की नाही हे माझ्यामागे त्याच्या हातात राहील. त्याने देऊ नयेत, एवढी विनंती करते.

(आ) दुकानामागच्या घराच्या दोन खोल्या व बँकेतील ठेव बबितास द्यावी. तिने इथे राहावे, घर राखावे, वर्षातून एकदा तरी यावे, अशी कोणतीही अट नाही. घर विकले तरी चालेल. ठेव तिच्या शिक्षणासाठी आहे, लग्नाच्या खर्चासाठी अजिनाथने मागू नये.

(इ) रक्तदाब मोजायचे यंत्र वस्तीवरच्या आशा सेविकेला द्यावे.

(ई) वडिलांची काळी घोंगडी अजिनाथला द्यावी. आमचे अजून बोलणे नाही, पण थंडीत आम्ही दोघे त्या एकाच घोंगडीत निजायचो.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी राधाकिशन मास्तरांनी करावी. अंत्यविधी लगेच उरकावा, बबितासाठी थांबू नये. तिला फोन करताना आधी विचारावे की ती कुठे आहे. रुग्णाजवळ असेल तर काही न सांगता ठेवावा आणि ती मोकळी झाल्यावर पुन्हा करावा. मी वाट बघत होते का, असे ती विचारेल. तिला खरे सांगावे.

७. बबिताने जाऊ नये असे मला वाटत होते. आजही वाटते. हे वाटणे मी कोणाच्याही नावे करत नाही.

वरील मजकूर मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवला. तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : सिरसाळा
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

सही : अंजना उत्तरेश्वर देवकते

साक्षीदार :
१. राधाकिशन भानुदास मुळे, निवृत्त शिक्षक, सिरसाळा (मजकूर लिहून घेणार)
२. सुरेखा दत्तू सोळंके, परिचारिका, सिरसाळा