बबिताची गोळी अडकल्याचे तिच्या आईस कळविण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
वनराई औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय, यवतमाळ

विषय : कै. कु. बबिता राठोड हिचा अपुरा प्रबंध ग्रंथालयात ठेवणे व तिच्या आईस निकाल सांगणेबाबत.
संदर्भ : बबिताचे सामान घेऊन जाण्याविषयीचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार पूनमसिंग राठोड, रा. बोरी अरबजवळील तांडा, ता. दारव्हा, सविनय कळवितो की, आपल्याकडे एम.फार्म. शिकणारी त्याची मुलगी बबिता पोळ्याच्या आठवड्यात डेंग्यूने वारली.

तिची आई नंदाबाई रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेते. ते पाहतच बबिता मोठी झाली. सुईऐवजी गोळी व्हावी, हाच तिचा अभ्यास. अर्जदाराने विचारले असता ती म्हणाली होती, "बापू, आतड्याले आतून शेंबडासारखा चिकट थर रायते. त्याच्यावर निगेटिव्ह चार्ज. औषध नेणारं आमचं सर्फॅक्टंट म्हंजे साबणाचं भाऊबंद, त्याच्यावर पॉझिटिव्ह. दोघं भेटले का सोडतच नाहीत, औषध तिथंच फसते." म्हणून तिने त्या सर्फॅक्टंटवर निगेटिव्ह चार्जचे पातळ आवरण चढविले. थर पार झाल्यावरच ते सुटावे, अशी योजना होती.

चाचणीस बकऱ्याचे ताजे आतडे लागे. अर्जदार ते बोरीच्या बाजारातून बर्फाच्या डब्यात घालून एसटीने नेई. एकदा वासामुळे वाहकाने मध्येच उतरविले. तेव्हा बबिता स्कूटीवर घ्यायला आली व वाटभर हसत होती.

शेवटची चाचणी तिच्या पश्चात झाली. आतडे अर्जदारानेच आणले. तिचे मार्गदर्शक घनश्याम सर दिवसभर खपले व म्हणाले, "काका, आवरण लवकर सुटलं. औषध थरातच अडकलं." सर रडले. अर्जदारास रडू आले नाही. तो रिकामा डबा धूत बसला.

आता कार्यालय म्हणते, अपुरे काम ग्रंथालयात घेता येत नाही. विनंती आहे की, घ्यावे. ही वाट इथे बंद होते, एवढे तरी पुढच्या पोरापोरींना तिच्या नावाने कळेल.

दुसरे असे की, सुई टोचताना नंदाबाई रोज विचारते, "पोरीच्या गोळीचं काय झालं?" अर्जदार ढोरे सोडण्याचे निमित्त करून बाहेर पडतो. त्याच्या तोंडून ते निघत नाही. तरी कृपया सरांना तांड्यावर पाठवावे. त्यांनी तिला समोर बसवून खरे सांगावे. ती लगेच विचारील, "मंग आता पुढचं कोण करून राह्यलं?" त्याचे उत्तर सरांनी सोबत आणावे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
नम्र अर्जदार
(सही)
पूनमसिंग राठोड
दि. १४ ऑक्टोबर २०२४