मधमाश्यांचं पुस्तक आणि मुंगीएवढा मेनू

३ फेब्रुवारी
लेकीने नवा लॅपटॉप आणला. ह्यांचा जुना कॉम्प्युटर ह्यांच्या पाठोपाठ गेला. एकनिष्ठ होता. नव्याचा स्क्रीन म्हणे फार बारीक ठिपक्यांचा, उंची. ह्यांचं पानं जुळवायचं सॉफ्टवेअर तिने त्यात घातलं. उघडलं तर वरचा मेनू म्हणजे मुंग्यांची रांग. लेक म्हणाली, सॉफ्टवेअर जुनं, स्क्रीन नवा, दोघांचं पटत नाही; पण आई, तू डोळेही तपासून घे. पहिलं पटलं. दुसरं ऐकू आलं नाही.

ह्यांची फाईल पेन ड्राइव्हवरही ठेवलीय, म्हणाली. कशाला? मी आहे ना.

संकल्प: मधमाश्यांचं पुस्तक मी पुरं करणार. चाळीस पानं ह्यांनी जुळवली, थोडी राहिली. मी नाही केली तर पुस्तक लिहिणारे मधमाशीवाले काका काम दुसरीकडे नेतील. तो माणूस पहिल्यापासून सगळं नव्याने लावील आणि ह्यांचं एकही पान छापलं जाणार नाही.

४ फेब्रुवारी
शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाचायला शिकले ती ह्यांच्या प्रुफांवर. शाई फुटलेली, तिरकी, अर्धी उमटलेली अक्षरं वाचलीत मी. मेनूला कोण भितं?

संध्याकाळी: मेनू वाचता आला नाही. ढगाळ होतं.

६ फेब्रुवारी
ऊन होतं. तरीही नाही.
लेकीला फोन. ती म्हणाली, मेनू मोठा करता येतो. कुठून? सेटिंगमधून. ते कुठे? मेनूत. अगं बाई, तोच दिसत नाही म्हणून तर फोन केला! रविवारी येते म्हणाली, एका चौकटीत टिचकी मारली की झालं. नको म्हटलं. जमतंय मला.

९ फेब्रुवारी
नवी पद्धत. वाचायचंच नाही, जागेवरून ओळखायचं. स्वयंपाकघरात डबे काय मी वाचून उघडते? आज दोनदा प्रिंटर आपणहून सुरू झाला आणि एकदा पान आडवं झोपलं. प्रगती आहे. काल काहीच होत नव्हतं.

१२ फेब्रुवारी
प्रेसवाले भाऊजी आले. स्क्रीनवर माझ्या नाकाचे ठसे बघून म्हणाले, वहिनी, मेनूचे मुके घेताय की काय? सरळ चष्मा करा. मी म्हटलं, मागच्या पुस्तकात तुम्ही अख्खा सोळा पानांचा फॉर्म उलटा बांधलात, तेव्हा चष्मा कुणाच्या नाकावर होता? चहा पिऊन गेले.

ह्यांच्या चष्म्याची डबी ड्रॉवरात आहे. तिला हात लावत नाही. ती तिथे असू दे.

१७ फेब्रुवारी
विजय! डावीकडून चौथ्यात आकड्यांची यादी सापडली. सगळं निवडलं आणि सर्वांत खालचा आकडा दाबला. अक्षरं बोराएवढी! मेनू मुंगीच राहिला, पण मजकूर खणखणीत दिसतो. एवढं सोपं होतं, तर लोक चष्मे कशाला घेतात?

ह्यांना परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकटा शब्द पडलेला खपत नसे. त्याला सोबत द्या, म्हणायचे, आणि वरच्या ओळीतून एक शब्द खाली आणायचे. मीही तसंच करणार.

२० फेब्रुवारी
उरलेली पानं लावली. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी तीन आकडी दिसतंय. धूळ असावी. पुसली. जात नाही.

२१ फेब्रुवारी
सेव्ह केलं, प्रेसला पाठवलं. लेकीला फोन करून मुद्दाम सांगितलं: चष्म्याशिवाय.

२२ फेब्रुवारी
भाऊजींचा फोन. म्हणाले, वहिनी, हे पुस्तक आहे की दुकानाच्या पाट्या? पानावर सहा ओळी आहेत, आणि पानं तीन आकडी!

मी पान जवळ आणलं नव्हतं. अक्षरंच मोठी केली होती, पुस्तकातली. ह्यांनी जुळवलेल्या ओळी सगळ्या मोडल्या. जिथे तिथे एकटे शब्द. आणि वरून मी सेव्ह केलं.

जेवले नाही. भूक नव्हती, एवढंच.

२३ फेब्रुवारी
लेक आली. आल्या आल्या पेन ड्राइव्ह लावला. ह्यांची चाळीस पानं होती तशी निघाली. काकांनी आठवडाभर थांबायचं कबूल केलं. म्हणाले, पोळं एका दिवसात बांधून होत नाही.

मग लेकीने ती टिचकी मारली. मेनू मुंगीचा मुंगळा झाला. म्हणाली, वाच आता. मी धडाधड वाचला. ती म्हणाली, आई, ह्यातलं एकही अक्षर तिथे नाही.

२५ फेब्रुवारी
दुपारी घरात कुणी नव्हतं. चष्म्याची डबी उघडली. एक दांडी वाकडी, ह्यांच्या सवयीने. मेनू वाचला. पहिलाच शब्द ‘फाईल’. एवढ्यासाठी महिना घालवला.

चाळिसाव्या पानावर शेवटच्या ओळीत एक शब्द एकटाच पडलेला. ह्यांचा हात तिथेच थांबला असणार. वरचा एक शब्द खाली आणला. सोबत दिली.

माझे डोळे उत्तम आहेत. चष्मा मी लावते असं कुणी म्हणू नये. ह्यांची वस्तू आहे. धूळ बसू नये म्हणून नाकावर सांभाळते.